मुठेकाठचे पाच दिवस आणि भालेराव सर

एप्रिलच्या शेवटी निकालपत्रकं लिहून संपली, त्या दुपारी आमच्या मुख्याध्यापिकाबाई स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, "पर्यावरणाच्या शिबिराला कोण जातंय? मे महिन्यात आहे. शाळेतून एक नाव द्यायचंय." सगळ्यांना एकदम आपापले डबे, पर्सा आणि चार्जर सापडेनासे झाले. माझी मुलगी बंगळुरात नोकरीला, नवऱ्याला उन्हाळ्यात रजा नसते, आणि आई गेल्यापासून माहेर असं काही उरलेलं नाही. मी म्हटलं, मी जाते.

घरी सांगितलं तर नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "नदी बघायला पाच दिवस? गच्चीत उभी राहा की. दिसली नाही तरी वास येतोच."

आम्ही राहतो कसबा पेठेत. माझी शाळाही तिथेच, नदी चालत पाच-सात मिनिटांवर. मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवते. शिबिराची कल्पना साधी होती: मुलांना वर्गाबाहेर नेऊन पर्यावरण शिकवायचं तर आधी शिक्षकांनी उन्हात फिरायला हवं. म्हणून खडकवासल्याच्या वरून सुरुवात करायची, रोज नदीच्या काठाने थोडं खाली यायचं, संध्याकाळी आपापल्या घरी जायचं, आणि शेवटच्या दिवशी लोणी काळभोरला गावातली मुलं गोळा करून नदीवर एक धडा घ्यायचा. कोणाला हाच मार्ग करायचा असेल तर सुरुवातीलाच सांगते, सगळा बसने होतो. दिवसाचा पास काढा. टोपी, सुती ओढणी आणि भरपूर पाणी घ्या. आमचा पाच दिवसांतला सगळ्यात मोठा खर्च बाटलीबंद पाण्याचा झाला, आणि तोही नदीकाठी चालताना.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला स्वारगेटला जमायचं होतं. आम्ही नऊ शिक्षक आणि आम्हाला शिकवणाऱ्या कुमुदताई. कुमुदताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक अंगकाठी, पायात पुरुषी बूट, आणि अस्सल पुणेरी जीभ. एक मॅडम सोनेरी चपला घालून आल्या होत्या. ताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्न कुठल्या कार्यालयात आहे?"

बसमध्ये माझ्या शेजारी भालेराव सर बसले. येरवड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. वय पस्तिशीच्या आसपास, उंच, थोडे वाकून चालणारे. मूळचे वर्धेकडचे, नोकरीसाठी इकडे आले. मांडीवर एक मोठी पिशवी होती. मी सहज विचारलं, "एवढं काय घेतलंय सर?"

"दोर आहे मॅडम," ते म्हणाले. "नायलॉनचा."

मला वाटलं तंबूबिंबूची आवड असेल.

धरणाच्या भिंतीच्या पुढे पानशेतच्या रस्त्यावर आम्ही उतरलो. सकाळी त्या भागात अजून गर्दी नसते. कणसाच्या गाड्या झाकलेल्या होत्या, कालची राख वाऱ्यावर उडत होती. पाणी बरंच खाली गेलेलं. जिथे पावसाळ्यात पाणी असतं तिथे भेगाळलेली माती, शिंपल्यांचे तुकडे, आणि त्यापुढे निळसर, स्वच्छ, अगदी शांत पाणी. ताईंनी सगळ्यांना काठावर बसवलं. बोलायचं नाही, फक्त पाहायचं आणि ऐकायचं. एक धोबी पक्षी शेपटी हलवत चिखलात फिरत होता. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात मला बरं वाटलं ते तेवढंच.

भालेराव सर खाली उतरलेच नाहीत. रस्त्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. ताईंनी हाक मारली, "काय सर, तिथून नदी इस्त्री केलेली दिसते का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "मी इथूनच बघतो ताई." ताईंनी पुन्हा बोलावलं नाही.

परतताना एका टपरीवर भजी आणि चहा झाला. भजी छान होती, उगाच नावं ठेवणार नाही. सर पाण्याकडे पाठ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीपासून चालायला सुरुवात केली. इथे नदी शहरात शिरते आणि शिरताच बारीक होते. मे महिन्यात वरून पाणी सोडत नाहीत, त्यामुळे जे वाहतं ते आपलंच सांडपाणी. राडारोडा टाकून काठ पुढे सरकलेला, त्यावर एरंड आणि रानतुळस माजलेली. कुमुदताई झाडं दाखवत होत्या, आम्ही नावं लिहून घेत होतो. साडेदहाला ऊन असह्य झालं तेव्हा घाटाजवळच्या पिंपळाखाली थांबलो. मी डब्यातल्या दशम्या काढल्या आणि सरांपुढे केल्या. त्यांनी अर्धी घेतली आणि स्वतःहून बोलायला लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या सहावीच्या वर्गात साहिल नावाचा मुलगा होता. हुशार म्हणावा असा नव्हता, पण प्रश्न फार विचारायचा. सरांनी पाण्याचा धडा मन लावून शिकवला होता. फळ्यावर अख्खी नदी काढली होती, उगमापासून संगमापर्यंत. शेवटी मुलांना म्हणाले होते, "सुटीत एकदा तरी वर जाऊन बघा. आपली नदी वर किती छान आहे ते बघा."

सुटी लागली आणि त्याच आठवड्यात साहिल आतेभावांबरोबर धरणाच्या फुगवट्यात पोहायला गेला. पोहता कोणालाच येत नव्हतं.

"दोन दिवसांनी सापडला," सर म्हणाले. "मी गेलो होतो घरी. त्याची आई काही बोलली नाही मला. एवढंच विचारलं, सर, तुम्हीच म्हणले होते ना बघून या म्हणून?"

"अहो, तुमचा काय दोष त्यात," असं काहीतरी म्हटलं. सगळेच म्हणत असतील.

"दोष नाही म्हणत मी मॅडम. पण मी म्हणलं होतं ना." त्यांनी अर्धी दशमी तशीच कागदात गुंडाळली. "म्हणून आलो इथं. पोरांना पाण्याजवळ न्यायचं तर कसं न्यायचं, ते शिकून घ्यावं. नाहीतर मग सोडूनच द्यावं शिकवणं."

तिसरा दिवस माझा होता, म्हणजे माझ्या पेठेचा. ताईंनी मला पुढे केलं. "चला, यजमानीणबाई, दाखवा तुमची नदी." मी सगळ्यांना कुंभारवाड्याकडून खाली नेलं. तांब्याच्या भांड्यांवरचे ठोके मागे ऐकू येत होते. त्या गल्लीतून मी भाजी आणते, दळण आणते, पण काठापर्यंत कधी गेले नव्हते. खाली एका मोठ्या पाइपातून राखाडी पाणी धो धो पडत होतं. तेवढ्या भागात नदी जोरात वाहतेय असं वाटत होतं. एका तरुण शिक्षकाने नाकावर रुमाल धरून विचारलं, "हे कुठून येतं?" मी वर बोट दाखवलं. आमच्या वाड्याच्या गच्चीतली पाण्याची टाकी तिथून दिसत होती.

संगमापर्यंत गेलो आणि बाराच्या आतच पांगलो. मी घरी आले, आंघोळीला गेले, आणि बादली भरून नुसती पाहत बसले. मग नवऱ्याने दार वाजवलं.

चौथ्या दिवशी बंडगार्डनच्या बाजूने येरवड्यात शिरलो. पात्र इथे रुंद होतं आणि वरून हिरवंगार दिसतं. लांबून वाटतं कुरण आहे. ती जलपर्णी. तिच्यावर बगळे चालत होते. ताई एकेका रोपाची मुळं दाखवत होत्या, मुलांना हे कसं दाखवायचं, हातमोजे कसे घालायचे, वर्तुळ करून कसं उभं करायचं. सर आज पहिल्यांदा पुढे होते. प्रश्न विचारत होते, वहीत आकृती काढत होते. मुलांनी काठापासून किती लांब उभं राहावं, दोघादोघांच्या जोड्या कशा लावाव्यात. ताई त्यांच्याशी वाकडं बोलत नव्हत्या.

वस्तीतून मुख्य रस्त्याकडे येताना एका इस्त्रीच्या टपरीतून हाक आली. "सर!"

सर जागच्या जागी थांबले. टपरीत एक बाई शर्टावर इस्त्री फिरवत होत्या. तिशी उलटलेली असेल, कपाळ घामाने भिजलेलं. ही साहिलची आई, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"कसे आहात सर?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललंय." त्यांनी आमच्या घोळक्याकडे पाहिलं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चिखलाचे बूट. "पोरं घेऊन आलात का नदीवर?"

"नाही नाही," सर घाईने म्हणाले. "सगळे शिक्षकच आहोत आम्ही."

"हां," त्या म्हणाल्या. "मग बरं." आणि पुन्हा इस्त्री उचलली.

बसथांब्यावर कुमुदताईंनी सरांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. "उद्याचा धडा तुम्ही घ्यायचा असं मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्यावर सोडते. नको असेल तर शिंदे मॅडम घेतील." शिंदे मॅडम म्हणजे मी.

दोन बस गेल्या. मग सर म्हणाले, "घेतो मी. आता नाही घेतला तर कधीच नाही घेणार."

पाचव्या दिवशी हडपसरहून लोणी काळभोरची बस पकडली. सोलापूर रस्त्याला सकाळीच ट्रक आणि कॉलेजच्या बस, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघा. गावात मिसळ चांगली मिळते, तिखट आहे. नदी गावापासून बरीच आत, उसाच्या शेतांमधून जावं लागतं. तिथल्या शाळेतले एक शिक्षक, माने सर, एकोणीस मुलं घेऊन बांधावर थांबले होते. सुटीतली मुलं, कोणी शाळेचा शर्ट घातलेला, कोणी बनियनवर.

शहरातलं सगळं जिथे येऊन पोचतं ती ही जागा. पाणी काळं होतं, कडेला पांढरा फेस साचलेला, वाऱ्याने त्याचे गोळे उडून बाभळींना लागत होते. लहान मुलं त्या फेसाच्या मागे धावत होती.

भालेराव सरांनी पिशवीतून दोर काढला. पाण्यापासून चांगली दहा-बारा पावलं अलीकडे दोन बाभळींना बांधला. म्हणाले, "या दोराच्या पलीकडे कोणी जायचं नाही. मीसुद्धा नाही." मग मुलांच्या जोड्या लावल्या. आणि मग, ज्यांनी पहिल्या दिवशी पाण्याकडे पाठ केली होती, ते इतकं सुंदर शिकवायला लागले की मी वहीत लिहायचं विसरले. नदीला वास कसा येतो, फेस कशाचा होतो, मासा श्वास कसा घेतो. प्रत्येक उत्तर मुलांकडून काढून घेत होते.

एका मुलाने विचारलं, "सर, हे पानी पुन्यातनं येतंय ना?"

"हो."

"मंग तुमी तिकडं का न्हाई शिकवत? हितं कशाला आलाय?"

माने सर त्याला दटावायला निघाले, पण भालेराव सर हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा. "तिकडं पण शिकवतो रे बाबा," ते म्हणाले. "तिकडच्या पोरांना हे दिसत नाही, म्हणून अवघड जातं."

धडा संपत आला तसं त्यांनी मुलं मोजली. मधेमधे ते मोजतच होते. आता ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. अठरा. तिसऱ्यांदा मोजलं. "एक कोण नाही?"

"गौरी न्हाई," तिच्या जोडीची मुलगी म्हणाली. "आत्ता हुती."

मी पाहिलं तेव्हा सरांची नजर पाण्याच्या कडेला होती. तिथे चिखलात एक लहान, गुलाबी चप्पल रुतलेली होती. त्या काठावर चपला, बाटल्या, बाहुल्या, सगळंच वाहून आलेलं असतं. पण त्यांना ती एकच दिसली.

"पोरगी कुठी गेली?" ते ओरडले. तो आवाज त्यांचा वाटत नव्हता. दोर ओलांडून ते धावले आणि सरळ पाण्यात शिरले.

दोन पावलांत मांडीपर्यंत गेले, तिसऱ्यात कमरेच्या वर. दोन्ही हातांनी जलपर्णी ओढून फेकत होते, खाली हात घालून चाचपत होते आणि ओरडत होते, "गौरी! गौरी!" एकदा मात्र दुसरंच नाव घेतलं त्यांनी.

"अहो सर, मागं फिरा!" माने सर ओरडले. "पानी न्हाई तिथं, निस्ता गाळ हाय! आत वडतो तो!"

मागे फिरायला गेले तर पाय निघेना. छातीपर्यंत काळा गाळ. पहिल्यांदा मुलं हसली, कारण त्यांच्या डोक्यावर जलपर्णीचं एक झुडूप बसलं होतं. मग कोणीच हसेना. मी आणि तो तरुण शिक्षक धावलो, बाभळीचा दोर सोडला, फेकला. त्यांनी तो मनगटाला गुंडाळला. आम्ही आठ-नऊ जणांनी ओढलं. नायलॉनने माझे तळवे सोलले. ते पोटावर घसटत बाहेर आले आणि तसेच हातांवर उठून पुन्हा पाण्याकडे वळायला लागले. कुमुदताईंनी त्यांच्या शर्टाची कॉलर पकडली.

तेवढ्यात उसाच्या बाजूने गौरी आली. आठ-नऊ वर्षांची, अनवाणी, तोंड पुसत. शेतातल्या मोटारीवर पाणी प्यायला गेली होती.

"काय झालं?" तिने विचारलं. मग तिने सरांना पाहिलं, तिला वाटलं आता मार बसणार, आणि ती रडायला लागली.

सर गुडघ्यांवर तिच्यासमोर बसले. हात गाळाने भरलेले, म्हणून त्यांनी तिला शिवलं नाही, नुसते हात पुढे धरले. "सांगून जायचं बाळा," ते म्हणाले. "कुठंही जा, पण सांगून जायचं. सांगून जायचं." तेच तेच म्हणत राहिले. शेवटी माने सरांनी मुलीला बाजूला घेतलं.

मोटारीच्या पाइपाखाली कुमुदताईंनी त्यांना आंघोळ घातल्यासारखं धुतलं. बुटातला चिखल स्वतःच्या हातांनी काढला. माने सरांनी घरून लेंगा-सदरा आणला. शिबिराचा समारोप होणार होता, प्रमाणपत्रं आणलेली होती. ती पिशवीतच राहिली.

परतीच्या बसमध्ये वास जात नव्हता. पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहायला लागले, एक बाई उठून लांब बसल्या. सर उभे राहिले, दाराजवळ, दांडा धरून. म्हणून आम्हीही उठलो आणि त्यांच्याभोवती उभे राहिलो. जागा रिकाम्या होत्या. हडपसरपर्यंत कोणी बसलं नाही.

तिथून ताई आणि मी एकाच रिक्षाने आलो. मी विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात घेणार का शिबिर?"

"बघू." मग त्या म्हणाल्या, "झाडं ओळखायला शिकवता येतं हो. पाणी तपासायला शिकवता येतं. त्या माणसाला मी काय शिकवायला हवं होतं, तेच मला कळलेलं नाही. आणि मीच त्याला म्हटलं, धडा घ्या."

सरांना ताप आला. मग अंगावर फोड उठले, ते बरे व्हायला जूनचा अर्धा महिना गेला. शाळा उघडल्यावर मी फोन केला. आवाज बरा वाटला. म्हणाले, विज्ञान सोडलं, या वर्षी गणिताचे तास मागून घेतले.

"का हो सर? तुम्ही किती छान शिकवलंत त्या दिवशी."

"गणितात कोणी बुडत नाही मॅडम," ते म्हणाले. मी हसायचं की नाही ते मला कळलं नाही. तेही हसले नाहीत.

मला पाच दिवसांतून काय मिळालं, हे वाचणारे विचारतीलच. झाडांची नावं मिळाली, त्यातली निम्मी विसरले. तळव्यांवर दोराचे वळ होते, तेही गेले. जुलैत मी मुख्याध्यापिकाबाईंकडे परवानगी मागितली, पाचवीच्या मुलांना नदीवर न्यायचं म्हणून. त्या म्हणाल्या, "पुलावरूनच दाखवा. खाली उतरायचं नाही. पालकांच्या सह्या घ्या." मीही खाली नेणार नव्हतेच.

धरणातून पाणी सोडलं त्या आठवड्यात आम्ही गेलो. पूल गर्दीने भरलेला, लोक मोबाइल वर धरून उभे. मुलांनी कठड्याच्या जाळीला नाकं लावली. "बाई, केवढी!" "बाई, ते बघा झाड चाललंय!" "बाई, ही कुठे जाते?" मी सांगितलं, लोणीला जाते. तिथली मुलं, तिथला काळा फेस, सगळं सांगितलं. दोघा-तिघांनी ऐकलं. बाकीचे आनंदाने ओरडत होते, आणि मला त्यांना गप्प करावंसं वाटलं नाही.

शाळेत परत आल्यावर मुलांना चित्र काढायला दिलं. एका मुलीने विचारलं, "बाई, पाण्याचा रंग कसला होता? चहासारखा की मातीसारखा?"

मी आठवायला गेले आणि काहीच आठवेना. पुलावर मी सगळा वेळ नदीकडे पाठ करून उभी होते. मुलांची डोकी मोजत होते. नदी मी पाहिलीच नव्हती.